"मुलगी प्लास्टिकच्या केमिस्ट्रीत अडकलीय, तिला समजवा"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बीएससी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला, एकूण ६४ टक्के, फिजिकल केमिस्ट्रीत ४१. प्रकाश आणि कॅटॅलिस्ट (रिअॅक्शन सोपी करणारा पदार्थ) वापरून प्लास्टिकचं परत मूळ केमिकल करायचं, यात तिला पुढे रिसर्च करायचाय. तुमच्या मते तिने एमबीए करावं, क्लासची फीसुद्धा भरून झालीय, आणि आता मी तिला समजवायचं. 'बघा कशात वेळ घालवते' म्हणून वहीच्या एका पानाचा फोटो जोडलाय, तो तिला न विचारता काढलाय असं तुम्हीच लिहिलंय.

मार्कांचं नंतर बघू, मला आधी त्या फोटोबद्दल बोलायचंय. एवढ्या लांब पत्रात 'आम्ही ठरवलंय' चार वेळा आलंय आणि तिचं स्वतःचं म्हणणं एकदाही नाही, तिला हे का आवडतं हे तुम्ही विचारलंत की नाही तेही कळत नाही. वीस वर्षांची मुलगी आहे ती. तिची वही उघडून फोटो काढून अनोळखी माणसाला पाठवणं ही काळजी नाही, पाळत आहे, आणि हे तिला कळलं ना की ती तुम्हाला काही सांगणंच बंद करेल. करिअर चुकलं तर दुरुस्त करता येतं, हे दुरुस्त करायला फार वर्षं जातात, अशी घरं मी पाहिलीयत.

आणि त्या पानावर काय आहे हे तुम्ही नीट वाचलंच नाहीत. तिने लिहिलंय, '४०० नॅनोमीटरचा प्रकाश = मोलला साधारण ३०० किलोज्यूल, सी-सी बाँड = साधारण ३५०, मग तुटतो कसा???' तीन प्रश्नचिन्हं. म्हणजे दोन कार्बनमधला बाँड तोडायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी त्या प्रकाशात नाही, मग तो तुटतो कसा. आकडे बरोबर आहेत, आणि हा प्रश्न तिला पुस्तकाने विचारलेला नाही, तिला स्वतःला पडलाय. अख्ख्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली ओळ हीच. उत्तर असं की प्रकाश तो बाँड थेट तोडतच नाही, शुद्ध पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकची लांब साखळी, बहुतेक वेळा तो प्रकाश शोषतसुद्धा नाही. शोषतो कॅटॅलिस्ट. उदाहरणार्थ फेरिक क्लोराइड घेतलं तर प्रकाशाने लोखंड-क्लोरीनचा बाँड तुटतो, क्लोरीन रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला तापट क्लोरीन अणू, सुटतो, तो साखळीतला एक हायड्रोजन ओढून घेतो, आणि मग त्या जागेशेजारचा सी-सी बाँड इतका कमजोर होतो की तुटायला ३५० लागतच नाहीत. याच रस्त्याने, हवेतला ऑक्सिजन सोबतीला घेऊन, कॉर्नेल विद्यापीठातल्या गटाने २०२२ मध्ये पॉलिस्टायरीनपासून (थर्माकोल ज्याचा बनतो ते प्लास्टिक) बेंझोइक अॅसिड हे साधं केमिकल मिळवलं.

आता तुमचं वाक्य, 'उन्हात ठेवलेली बादली आपोआपच तुटते, त्यात शोध कसला?' हा गैरसमज खूप जणांचा असतो म्हणून जरा थांबतो. बादली उन्हात तुटते म्हणजे अल्ट्राव्हायोलेट आणि ऑक्सिजन मिळून साखळ्या वाट्टेल तिथे कापतात, माल ठिसूळ होतो, तुकडे पडतात, तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे होतात. पण ते तुकडे प्लास्टिकच राहतात, तेच मायक्रोप्लास्टिक म्हणून माती-पाण्यात जातं. ही नासाडी झाली, रिसायकलिंग नाही. रिसायकलिंगमध्ये साखळी कुठे तुटणार आणि हातात काय येणार हे आपण ठरवायचं असतं. अॅक्रिलिक घ्या, ते नुसतं तापवून मोनोमरपर्यंत, म्हणजे साखळीच्या एकेका सुट्या कडीपर्यंत, न्यायला साधारण ४०० अंश लागतात, पण झ्युरिकच्या ईटीएच या विद्यापीठातल्या लोकांनी २०२५ मध्ये दाखवलं की डायक्लोरोबेंझीन नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवून जांभळा प्रकाश टाकला तर त्याहून बऱ्याच कमी तापमानाला साखळी बॅगेची चेन उघडल्यासारखी टोकापर्यंत सुटत जाते आणि मोनोमर परत मिळतो. त्यापासून पुन्हा नवं अॅक्रिलिक बनतं. काळ्या पॉलिस्टायरीनचं तर मला फारच आवडतं, त्यातल्या कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे काजळीसारख्या काळ्या रंगामुळे, सॉर्टिंग मशीनला ते ओळखता येत नाही म्हणून ते फेकलं जातं, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने तोच कार्बन ब्लॅक प्रकाश पकडून प्लास्टिक आतून तापवायला वापरला आणि स्टायरीन, म्हणजे त्याचा मोनोमर, परत काढलं. बादलीशी याचा संबंध एवढाच की दोन्हीकडे प्रकाश आहे.

पण म्हणून मुलीने उडी मारावी असंही मी म्हणत नाहीये. हे क्षेत्र अजून बरंचसं प्रयोगशाळेतलं आहे. डायक्लोरोबेंझीन विषारी सॉल्व्हंट आहे. खऱ्या कचऱ्यात रंग असतात, अॅडिटिव्ह असतात, चार प्रकारचं प्लास्टिक एकत्र असतं, आणि गढूळ, दाट द्रावणात प्रकाश फार खोल जात नाही, म्हणजे मोठी टाकी बांधून वर दिवा लावला असं चालत नाही. पिशव्यांचं पॉलिथिलीन तर अजून सगळ्यांनाच घाम फोडतंय. पीएचडीला वर्षं जातात आणि नोकरीच्या जाहिरातीत 'फोटोकॅटॅलिटिक रिसायकलिंग' हा शब्द क्वचितच दिसेल. पण रॅडिकल केमिस्ट्री, पॉलिमर, कॅटॅलिसिस, रिअॅक्टर हे शिकलेलं माणूस कोटिंग, अॅडहेसिव्ह, औषधं कुठेही लागतं, त्यामुळे 'यात स्कोप नाही' हे तुमचं वाक्य मला पटलेलं नाही.

मला ६४ची काळजी नाही, ४१ची आहे. फिजिकल केमिस्ट्रीतलं थर्मोडायनॅमिक्स (ऊर्जेचा हिशोब) आणि कायनेटिक्स (रिअॅक्शनचा वेग) कच्चं ठेवून या विषयात पुढे जाता येणार नाही, हे तिला मी तोंडावर सांगेन. वहीतला प्रश्न बघता तिला ते जमणार नाही असं वाटत नाही, कदाचित नीट शिकवणारं कुणी मिळालेलं नाही. प्रवेश परीक्षांचं वेगळं काही सांगायला नको, एमएससी केमिस्ट्री किंवा पॉलिमर सायन्स आणि मग पीएचडी, हा रस्ता तिला माहीत असणारच. त्याआधी सुट्टीत एखाद्या लॅबमध्ये दोन महिने काम करून बघावं. रोज तीच रिअॅक्शन पाचव्यांदा फसते तेव्हा आपल्याला कसं वाटतं, हे तिथेच कळतं.

तिला समजवण्याचं काम मी घेत नाही. फोटो काढल्याचं तिला तुम्ही स्वतः सांगा, आणि मग बादलीचा प्रश्न तिलाच विचारा, मध्ये न बोलता ऐका. एमबीएच्या क्लासचं त्यानंतर दोघं मिळून ठरवा. तिला वाटलं तर तिने मला स्वतः लिहावं, आपण आधी फिजिकलच्या पेपरवर बोलू.