हीटिंग केबलच्या तीन फेजवर करंट वेगवेगळा का येतो?

पाइप गरम ठेवणाऱ्या हीटिंग केबलची सारख्या लांबीची तीन सर्किटं, आर आणि वाय फेजवर 14 अँपिअर, बी वर 9, आणि बी ची केबल बदलावी का, असं तुम्ही विचारलंय. केबल कोणत्या प्रकारची ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. तोवर ऑर्डर देऊ नका.

सेल्फ रेग्युलेटिंग असेल तर हा दोष नसूही शकतो. तिच्यात दोन तांब्याच्या तारांमध्ये कार्बन मिसळलेलं पॉलिमर असतं. ते तापलं की रेझिस्टन्स वाढतो आणि करंट उतरतो. अशाच एका कमी करंटच्या मागे लागून मी दोन दिवस लॅगिंग (पाइपवरचं उष्णतारोधक आवरण) उघडत होतो. मग लक्षात आलं, त्या पाइपमधून गरम माल वाहत होता आणि शेजारच्या दोन्ही लाइन बंद होत्या. केबल अगदी धडधाकट होती. उलटही होतं: लॅगिंगमध्ये पाणी शिरलं की पाइप थंड राहतो आणि केबल जास्त करंट ओढत राहते. तेव्हा तुमच्याकडे कदाचित 14 वाल्यांचीच चौकशी करायला हवी.

म्हणून नुसता क्लॅम्प मीटर लावून निष्कर्ष काढू नका. चालू केल्यावर सुरुवातीची काही मिनिटं थंड केबल भरपूर करंट घेते, ते रीडिंग सोडून द्या. करंट स्थिर झाल्यावर प्रत्येक सर्किटचा करंट, जंक्शन बॉक्समधला लोडवरचा व्होल्टेज आणि पाइपचं तापमान, तिन्ही एकाच वेळी लिहा.

तापमान आणि व्होल्टेज सारखे असूनही 9 च येत असेल तर बहुधा केबलचा काही भाग बंद आहे. पॅरलल केबलमध्ये (सेल्फ रेग्युलेटिंगही अशीच, प्रत्येक भाग दोन तारांमध्ये स्वतंत्र जोडलेला) करंट चालू लांबीच्या प्रमाणात असतो. 9 भागिले 14 म्हणजे साधारण 0.64. केबल 100 मीटरची असेल तर 64 मीटरच्या आसपासचा जोड आधी बघा. तिथून पुढे क्लॅडिंग, म्हणजे लॅगिंगवरचा पत्रा, थंड लागेल.

सिरीज केबल (एकच तापणारी तार, पूर्ण लांबीत तोच करंट) स्टारमध्ये, म्हणजे तिन्ही फेजच्या केबलची (लेगची) एकेक टोकं एकत्र जोडलेली, असेल तर सप्लाय बंद करून तिन्ही लेगचा रेझिस्टन्स मोजा, तो सारखा यायला हवा. न्यूट्रल नसलेल्या 400 व्होल्टच्या स्टारमध्ये एक लेग तुटला तर उरलेल्या दोघांना 231 ऐवजी 200 व्होल्टच मिळतात आणि त्या प्रत्येकाची उष्णता 75 टक्क्यांवर येते.

मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्सची चाचणी) मात्र सगळ्यांनाच करा. सप्लाय बंद करून लॉक करा, थर्मोस्टॅट आणि कंट्रोलर सोडवा, मग तारा आणि ब्रेड (केबलवरची अर्थिंगची धातूची जाळी) यांच्यामध्ये मोजा. 20 मेगोहमच्या खाली आलं तर बहुतेक वेळा एंड सीलमध्ये (केबलच्या शेवटच्या टोकाच्या सीलमध्ये) ओल असते. सील कापल्यावर तांबं हिरवट दिसलं तर तो तुकडा काढून नवीन सील लावा. सेल्फ रेग्युलेटिंग केबलच्या टोकाला दोन्ही तारा कधीही एकमेकींना जोडू नका. सर्किट पूर्ण करायचं म्हणून कोणी जोडतं, आणि तो सरळ शॉर्ट होतो.