घाटातल्या आंधळ्या वळणावर बाइक डाव्या कडेला ठेवावी की मध्यरेषेजवळ?

तुमचा प्रश्न असा आहे: नवी ३५० सीसीची बाइक, मागे बायको, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरमार्गे खेडला गावी जायचंय. मित्र म्हणतो आंधळ्या वळणावर डावी कड सोडू नको. व्हिडिओत सांगतात मध्यरेषेजवळ राहा, लांबचं दिसतं. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही, पण एका वेळी एकाचंच. कोणाचं कधी, हे डोंगर कुठल्या हाताला आहे त्यावर ठरतं.

मी महाडकडचा. शेतीपंप दुरुस्त करतो. पोलादपूरपासून वर वाडा कुंभरोशी, पार इथपर्यंत १९ वर्षं १२५ सीसीच्या गाडीवर हत्यारांची पिशवी लटकवून फिरतोय. शिकवणारा कोणी नव्हता, त्यामुळे खाली सांगतो त्यातलं बरंचसं आधी चुकून मग कळलेलं आहे.

घाटरस्ता डोंगराच्या अंगावरून जातो. डोंगराला सोंडा असतात आणि दोन सोंडांमध्ये घळी. सोंडेला वळसा घालताना डोंगर वळणाच्या आतल्या बाजूला येतो, म्हणून पलीकडचं काहीच दिसत नाही. घळीत शिरताना आतल्या बाजूला दरी असते. झाडी नसेल तर समोरची गाडी वळणाआधीच नजरेला पडते. म्हणजे सोंडेवरचं वळण आंधळं, घळीतलं डोळस. आता हिशोब सोपा होतो. डोंगर उजव्या हाताला असेल तर आंधळी वळणं उजवी, डाव्या हाताला असेल तर डावी. डोंगर फोडून दोन्ही बाजूंना भिंती उभ्या केल्या आहेत तिथे हे लागू नाही, तिथे दोन्ही आंधळी. आणि प्रत्येक हेअरपिननंतर, म्हणजे गाडी उलट दिशेला फिरवणाऱ्या वळणानंतर, डोंगर हात बदलतो, तेव्हा पुन्हा बघायचं.

डोंगर उजवीकडे असेल तर तुमचा मित्र बरोबर. तुम्ही रस्त्याच्या बाहेरच्या, दरीकडच्या अर्ध्यात आहात. जितकं डावीकडे राहाल तितकं वळणापलीकडचं जास्त दिसतं, आणि येणाऱ्या गाडीपासून अंतरही तितकंच जास्त. रस्त्यावर चारचाकींच्या चाकांनी घासून दोन पट्टे साफ झालेले असतात, चाकोऱ्या. शब्द इथे अगदी मूळ अर्थाने घ्या. आपल्या अर्ध्यातली डावी चाकोरी धरायची. त्याच्याही डावीकडे, कठड्याला खेटून नाही. तिथे खडी साचते आणि पावसात साइडपट्टी खचलेली असते. वळण उलगडून पुढचा रस्ता दिसेपर्यंत बाहेरच राहायचं, मग वळायचं. लवकर आत शिरलात तर वळणाच्या मध्यावर मध्यरेषेला पोचता, म्हणजे नेमकं नको तिथे.

मी लवकर आत शिरलो होतो. आठेक वर्षं झाली. उजवं वळण, ओळखीचं, रोजचं. टायर रेषेच्या आत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. समोरून पिकअप आली, तीही तिच्या बाजूने, आणि तिचा आरसा माझ्या उजव्या खांद्याला चाटून गेला. पडलो नाही. पुढच्या टपरीवर त्या ड्रायव्हरशी तावातावाने भांडलो. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुमचं चाक तिकडं होतं, पण तुम्ही इकडं होतात."

डोक्यातून जाईना. घरी येऊन भावाला आणि शेजाऱ्याला गाडी उजवीकडे तिरकी धरायला लावली, वर बसलो आणि हेल्मेटपासून गवंड्याचा ओळंबा सोडला. बसल्यावर डोकं जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास असतं. गाडी २५ ते ३० अंश कलली की ते टायरच्या दोन ते अडीच फूट बाजूला जातं. टायर रेषेपासून एक फूट आत, पण डोकं दीड फूट पलीकडे. म्हणून उजव्या वळणावर रेषा बघताना टायरची नाही, डोक्याची बघा. डाव्या वळणावर हाच कल आपल्याला रेषेपासून दूर नेतो, तो फायदा.

पण डोंगर डावीकडे असतानाची डावी आंधळी वळणं खरी अवघड, कारण तिथे दिसणं आणि वाचणं दोन वेगळ्या बाजूंना आहे. डाव्या कडेला चिकटलात तर समोर फक्त कातळ दिसतो. शिवाय त्या कडेला गटार, रात्री सुटलेले दगड, पावसाळ्यात शेवाळ, आणि गुरं किंवा मोळी घेऊन निघालेली माणसं. म्हणून व्हिडिओवाल्याचं इथे ऐकायचं, पण अर्धंच. वळणाकडे येताना आपल्या अर्ध्यातल्या उजव्या चाकोरीत यायचं आणि पलीकडे नजर टाकायची. गाडीची चाहूल लागली तर लगेच, नाही लागली तरी वळणाचा सर्वांत बंद भाग येण्याआधी, अर्ध्याच्या मध्यावर सरकायचं. समोरून येणाऱ्याला ते वळण उजवं असतं आणि मी केलं तसंच त्यालाही आत कापावंसं वाटतं. लांब गाडीची तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत चालतात. ड्रायव्हर रेषेच्या पलीकडे असतो, बसची शेपूट आपल्या बाजूला. बसची रुंदी कायद्याने २.६ मीटरपर्यंत असू शकते आणि साडेपाच मीटरच्या रस्त्यात आपला अर्धा २.७५ मीटरचा. ती एक मीटर आत आली तर आपल्याला उरतं पावणेदोन.

व्हिडिओतली 'बाहेर-आत-बाहेर' ही ओळ रेसट्रॅकची आहे. तिथे समोरून कोणी येत नाही. घाटात ती विसरा.

जागा कितीही अचूक धरली तरी वेग जास्त असेल तर तिचा उपयोग नाही. ४० च्या वेगाला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत ११ मीटर गेले, कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी दहा-अकरा. साधारण दोन एसटी एकामागे एक उभ्या केल्या तेवढं अंतर. ६० ला हेच चाळीस मीटरच्या घरात जातं, आणि उतार, मागे माणूस, ओला रस्ता असेल तर आणखी वाढतं. दिसतो तेवढ्या रस्त्यात थांबता यायला हवं. रस्ता एकाच गाडीचा असेल तर दिसतो त्याच्या निम्म्यात, कारण उरलेला निम्मा समोरच्याला लागणार.

वेग किती हे काट्यावर बघत बसू नका. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळताना दिसतात त्या टोकाकडे बघा. ते टोक तुमच्या पुढे पळतंय तर वळण उघडतंय. जागच्या जागी आहे तर वळण तसंच चालू आहे. ते तुमच्याकडे येतंय असं वाटलं तर वळण आवळतंय. वेग आत्ताच कमी करा, अजून सरळ आहात तोवर. तरीही आत शिरल्यावर वेग जास्त वाटलाच तर पुढचा ब्रेक खस्सकन दाबू नका. नजर वळणाच्या पुढच्या टोकाला ठेवा, कठड्याकडे किंवा ट्रककडे नको, आणि ज्या बाजूला वळायचंय त्या बाजूचं हँडल पुढे ढकला. उलटं वाटतं, पण गाडी कलते आणि वळते.

उतरताना दुसरा गिअर. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून दिसतात; त्यांच्या मागे राहू नका आणि पुढेही नको.

डोळस वळणांबद्दल मात्र एक सांगतो, कारण माणूस तिथेच सैल पडतो. घळीत ओहोळ असतो, म्हणून मोरी असते, म्हणून पाणी आणि वाहून आलेला मुरूम असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच धबधबा आणि तिथेच फोटो काढायला थांबलेल्या गाड्या, बऱ्याचदा वळणातच. पिवळे-पांढरे पट्टेही पावसात गुळगुळीत होतात, त्यांच्यावर कलायचं नाही.

हेअरपिनवर बसला दोन्ही अर्धे लागतात. खालून बस येताना दिसली तर वळणात शिरूच नका, वर सरळ रस्त्यावर डावीकडे थांबा आणि तिला आख्खं वळण देऊन टाका. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यायची, असा वाहनचालनाचा नियमही आहे, आणि तुम्ही उतरणार आहात.

हॉर्न वाजवा, पण वळणाच्या दोनेक सेकंद आधी, म्हणजे उत्तर ऐकायला वेळ मिळतो. कानात इअरफोन नकोत. रात्री आंधळी वळणं मला तरी दिवसापेक्षा बरी वाटतात, समोरच्याचा उजेड कातळावर आधी दिसतो. धुकं असेल तर हे गणित संपलं. मग टपरी गाठा, चहा घ्या.

वहिनींना दोन्हीकडे पाय टाकून बसायला सांगा. एका बाजूला बसल्या तर गाडी दोन्हीकडे सारखी कलत नाही. वळणावर त्यांनी वळणाच्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून पुढे बघायचं, बस्स. घाबरून उलट्या बाजूला कललं की गाडी बाहेर जाते. पहिल्यांदाच मागे कोणाला बसवून घाट उतरणार असाल तर आधी वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढून बघा. तो रुंद आहे, आणि चढताना वेग आपोआप कमी राहतो.

खेडहून परत येताना प्रत्येक ठिकाणी डोंगर दुसऱ्या हाताला असेल. तेव्हा जाताना सोपी गेलेली वळणं अवघड निघतील. वेळ थोडा जास्त धरा.