ऊर्जा वाहून जाते आणि पोषकद्रव्यं फिरत राहतात, असं का?

तुमचा प्रश्न असा: मुलीच्या नववीच्या धड्यात ‘परिसंस्थेत ऊर्जेचा प्रवाह एकेरी असतो’ आणि ‘पोषकद्रव्यांचं चक्र असतं’ अशी दोन वाक्यं आहेत. दोन्ही गोष्टी त्याच गवतातून त्याच नाकतोड्यात आणि त्याच बेडकात जातात. मग एक परत येते आणि दुसरी का येत नाही?

हा प्रश्न तिला पडला याचा मला खरंच आनंद झाला. बरीच मुलं ही वाक्यं पाठ करून मोकळी होतात.

पोषकद्रव्यं म्हणजे शेवटी अणू: कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस. बेडूक मेला, कुजला, तरी त्याच्यातला फॉस्फरसचा अणू तसाच्या तसा मातीत उरतो आणि दुसरं झाड तो उचलतं. ऊर्जाही नष्ट होत नाही, पण तिचं रूप बदलतं. नाकतोडा उडी मारतो, बेडूक ओरडतो, शेवाळ नुसतं जिवंत राहतं, या प्रत्येक कामात खाल्लेल्या किंवा स्वतः बनवलेल्या अन्नातली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. आणि उष्णतेपासून अन्न तयार करणारी वनस्पती नाही, तिला प्रकाशच हवा. सगळी गोम इथे आहे. चुलीवरचं गंज, म्हणजे पातेलं, रोज तेच असतं, घासून पुन्हा ठेवता येतं. सरपण मात्र रोज नवं लागतं. परिसंस्थेचं सरपण म्हणजे ऊन.

आता उदाहरण. मी गोंदिया जिल्ह्यातली. आमच्या झाडीपट्टीत परिसंस्था दाखवायला मामा तलावासारखी दुसरी जागा नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, मामा म्हणजे माजी मालगुजारी, सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, पण भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो तलाव अजून आहेत. त्यांतले कित्येक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले. वरच्या बाजूला जंगल, मध्ये पाळ म्हणजे तलावाचा बांध, खाली धानाच्या बांध्या म्हणजे शेतं.

तलावावर पडणाऱ्या उन्हातला साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग वनस्पतींच्या अंगी लागतो. चिला (पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती), कमळ, देवधान (रानटी धान) आणि वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती, हे इथले उत्पादक. त्यांनी १०,००० एकक ऊर्जा साठवली असं धरा. गोगलगायी, किडे, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) यांच्या शरीरात त्यातली १,००० च्या आसपास पोचते, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत १०० आणि त्या माशांवर जगणाऱ्या मरळीत १०. उरलेली कुठे गेली? काही श्वसनात खर्च झाली. काही भाग कुणी खाल्लाच नाही किंवा पचला नाही. तो विघटकांकडे, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींकडे गेला आणि त्यांनीही ती शेवटी उष्णता म्हणूनच सोडली. प्रत्येक पायरीला दहा टक्केच ऊर्जा पुढे जाते, हा आकडा दगडावरची रेघ नाही, प्रत्यक्षात तो बराच कमीजास्त होतो. पण ऊर्जा दर पायरीला घटतेच, म्हणूनच तलावात गोगलगायी असंख्य आणि मरळ मोजक्या.

ही मांडणी रेमंड लिंडमन या अमेरिकन संशोधकाची, आणि तीही एका छोट्या तळ्यावरूनच केलेली. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेकचा त्याने अनेक वर्षं अभ्यास केला. त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला, पण त्याआधी काही महिने तो वारला होता, वय अवघं २६. मुलीला हे नक्की सांगा. धड्यातल्या, पायरीगणिक अरुंद होत जाणाऱ्या ऊर्जेच्या मनोऱ्यामागे एक तरुण मुलगा वर्षानुवर्षं तळ्यावर जात होता, हे कळलं की आकृती वेगळी दिसते.

एक गोष्ट पुढच्या वर्गांत तिला अडेल. काही तळ्यांत जैवभाराचा, म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा, मनोरा उलटा असतो: वनस्पतिप्लवकाचं एका वेळचं वजन ते खाणाऱ्या प्राणिप्लवकापेक्षा कमी भरतं. कारण ते खाल्लं जातं तितक्याच वेगाने पुन्हा वाढतं. ऊर्जेचा मनोरा मात्र कधीच उलटा होत नाही.

आता चक्राकडे. फॉस्फरसचा एकच अणू धरून चला. तो जंगलातल्या खडकात होता. खडक झिजला, मृगाच्या पावसाने माती वाहून आली, अणू तलावाच्या गाळात बसला. चिल्याने तो मुळाने उचलला, चिला गोगलगायीने खाल्ला, आणि गोगलगाय खाल्ली मुग्धबलाकाने. हा करकोचा जवळून बघण्यासारखा आहे. चोच मिटली तरी मधे फट राहते, पलीकडचं दिसावं इतकी. त्या चोचीने तो शंखातून मांस अलगद काढतो आणि शंख तिथेच टाकून देतो. पाळीजवळच्या झाडावर त्यांचा मुक्काम असला की खाली पांढरा सडा पडतो. त्या विष्ठेतून आपला अणू पुन्हा पाण्यात. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी गाळ काढून बांधीत टाकतात, तेव्हा तोच अणू धानात जातो, तणसातून, म्हणजे धानाच्या पेंढ्यातून, बैलाच्या पोटात, शेणातून उकिरड्यावर आणि पुन्हा शेतात.

चक्र म्हणजे एकही अणू बाहेर जात नाही असं नव्हे. धान बाजारात गेलं, ढिवर बांधवांनी मासे विकले, की काही अणू गाव सोडतात. जंगलातून येणारी माती आणि आपण टाकलेलं खत ती भरपाई करतं.

भरपाई जास्त झाली तर काय होतं, हेही तलावच दाखवतो. वरच्या शेतांत युरिया, डीएपी टाकलं आणि लगेच मोठा पाऊस आला, तर खत वाहून पाण्यात येतं. पाणी हिरवंगार होतं. दिवसा ही हिरवाई ऑक्सिजन देते, पण रात्री प्रकाशसंश्लेषण बंद आणि श्वसन सगळ्यांचं चालू, त्या हिरवाईचंसुद्धा. त्यातून कोमट पाण्यात ऑक्सिजन मावतोच कमी: २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे पाळीवर जा. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासताना दिसतील, कारण ऑक्सिजन सूर्योदयाआधीच सर्वांत कमी असतो. ऊन वर आलं की बहुतेक मासे खाली जातात. पण हिरवाई एकदम मरून कुजू लागली तर जिवाणूच सगळा ऑक्सिजन खातात आणि मेलेले मासे काठाला लागतात.

आणि अन्नजाळ्यातला एक धागा काढला तर? तलावात गवत खाणारा ग्रास कार्प मासा सोडला की तो चिला, देवधानाची कोवळी पाती साफ करतो. पाणवनस्पतींच्या आधाराने अंडी घालणाऱ्या गावठी माशांची जागा जाते, पिल्लांना लपायला आडोसा उरत नाही, गोगलगायी कमी होतात, मग करकोचेही. काठावरची बेशरम ही अमेरिका खंडातून आलेली झुडपी वनस्पती. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, तुटलेली फांदी चिखलात पडली तरी रुजते. तिने ऊन अडवलं की खालचं देवधान संपतं. अशा ठिकाणी पाणी तेवढंच असतं, ऊनही तेवढंच, पण त्यांचा वाटा वेगळ्यांनाच मिळतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण वरून बघणाऱ्याला तलाव हिरवा आणि भरलेलाच दिसतो.

परीक्षेसाठी एवढं बघा. चक्रांबद्दल लिहिताना नायट्रोजन आणि कार्बनचा साठा हवेतही असतो हे तिने लिहावं. फॉस्फरसचा मुख्य साठा खडकात, त्याला हवेतला म्हणावा असा टप्पा नाही. त्यामुळे त्याचं चक्र सगळ्यांत संथ, आणि तो एकदा गाळात खोल गाडला गेला की गाळ काढेपर्यंत तिथेच.