पेरेझ हिल्टन एवढा फेमस कसा झाला आणि त्याच्यावर केसेस कशाबद्दल झाल्या?

पेरेझ हिल्टन म्हणजे सेलिब्रिटींच्या गॉसिपचा ब्लॉग चालवणारा अमेरिकन ब्लॉगर. खरं नाव मारिओ लावांदेइरा, मायामीचा, क्यूबन कुटुंबातला. 2004 मध्ये त्याने ब्लॉग सुरू केला, तेव्हा नाव होतं पेजसिक्ससिक्ससिक्स, पण न्यूयॉर्क पोस्टचं पेज सिक्स हे गॉसिपचं सदर आधीच गाजलेलं, त्यामुळे ट्रेडमार्कचा वाद झाला आणि नाव बदलून पेरेझ हिल्टन केलं, हॉटेलवाल्या हिल्टन घराण्यातल्या सेलिब्रिटी पॅरिस हिल्टनवरून. सुरुवातीला ऑफिस वगैरे काही नाही, लॉस एंजेलिसच्या एका कॉफी शॉपमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा आणि मासिकं छापून येईपर्यंत याच्या दहा पोस्ट पडलेल्या असायच्या, लोक तिथेच वळले.

केसेसचं मूळ म्हणजे फोटो. दुसऱ्यांनी काढलेले फोटो उचलायचे, त्यावर पांढऱ्या रेघांनी काहीबाही खरडायचं आणि टाकायचे. नोव्हेंबर 2006 मध्ये एक्स17 या पापाराझी (म्हणजे सेलिब्रिटींच्या मागे लागून फोटो काढणाऱ्या) एजन्सीने 76 लाख डॉलर्सचा कॉपीराइटचा दावा ठोकला. पेरेझ म्हणायचा हा फेअर यूज आहे (म्हणजे भाष्य वगैरेसाठी परवानगीशिवाय वापरायची कायद्यातली सूट), मी भाष्य करतो. मला हे पटत नाही, अख्खा फोटो वापरून वर जाहिरातींचे पैसे कमावले तर ज्याने रात्रभर उभं राहून तो काढला त्याचं काय? 2007 मध्ये युनिव्हर्सल या फिल्म स्टुडिओनेही केस केली, जेनिफर अ‍ॅनिस्टनच्या सिनेमातल्या न वापरलेल्या फोटोवरून. त्याच वर्षी डीजे सामंथा रॉन्सनने बदनामीचा दावा केला, तो मात्र कोर्टात टिकला नाही.

पण केसेसपेक्षा वाईट म्हणजे कोण गे आहे हे तो परस्पर जाहीर करायचा, तेही स्वतः गे असून. 2010 मध्ये त्याने असा छळ थांबवतो असं सांगितलं.