कर्ज घेतलंच नाही, तरी सिबिलमध्ये कोर्ट केस?

"मॅडम, मी आयुष्यात ट्रॅक्टर घेतला नाही, मग ट्रॅक्टरच्या कर्जाची केस माझ्यावर कशी?" हा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखा येतो, कधी ट्रॅक्टरऐवजी बाइक असते, कधी पर्सनल लोन. म्हणून एक केस लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील जरा बदललेत.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर असलेले एक दादा, मूळचे सिन्नरकडचे, सिडकोत भाड्याने राहणारे. पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितला, टोकन दिलं आणि होमलोन रिजेक्ट! सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला तर ज्या बँकेची पायरी कधी चढले नाहीत तिचं ट्रॅक्टर लोन, आणि पुढे 'सूट फाइल्ड', म्हणजे बँकेने कोर्टात वसुलीचा दावा लावलाय. माझ्याकडे आले तेव्हा झोप उडालेली, घरी वहिनींना काहीच सांगितलेलं नाही, का तर "ती म्हणेल लपवून कर्ज काढलं". त्यात वसुलीवाल्याला स्वतःहून फोन केलेला, तो म्हणाला थोडी रक्कम भरा, सेटलमेंट करून टाकू, आणि हे वहिनींच्या पाटल्या गहाण टाकायला निघालेले. "भरून टाकतो मॅडम, एकदाचा सुटतो."

मी आधी तिथेच अडवलं. अहो, जे कर्ज तुमचं नाहीच ते भरलंत की तुम्ही ते आपलं म्हणून कबूल केल्यासारखं होतं, आणि वर रिपोर्टात 'सेटल्ड' असा शेरा बसतो जो पुढच्या बँकेला खटकतोच. म्हणजे पाटल्याही गेल्या आणि डागही राहिला. भीतीपोटी पैसे भरणारी माणसं मी खूप बघितलीत, आणि खरं सांगू, बऱ्याचदा त्यांना पैशापेक्षा 'कोर्ट' या शब्दाचीच धास्ती असते.

मग पेन्सिल घेऊन रिपोर्ट वाचायला बसलो. नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख 1 जून. आता 1 जून म्हटल्यावर तुम्हालाही हसू आलं असेल, शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या गावाला तीच तारीख वाटलेली! पण त्या खात्यात वडिलांचं नाव नव्हतं, पॅनचा रकाना रिकामा आणि पत्ता निफाड तालुक्यातला. ई-कोर्ट्सच्या साइटवर निफाड कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने शोधलं तर दावा खरोखर सापडला, दादांचा चेहराच उतरला, पण प्रतिवादीचं पूर्ण नाव उघडल्यावर वडिलांचं नाव वेगळं. "हे माझे वडील नाहीत!" इतक्या जोरात म्हणाले की बाहेर बसलेल्यांनी आत डोकावून बघितलं.

पुढचं काम तसं सोपं, फक्त चिकाटीचं. सिबिल स्वतःहून काही खोडत नाही, बँकेने कळवलेलं तेच छापतं, त्यामुळे दोन्हीकडे लिहायचं. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर टाकून ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे हरकत, 'हे खातं माझं नाही' अशी, आणि त्या बँकेच्या तक्रार विभागाला मेल, सोबत पॅन, आधार, दाव्याच्या माहितीची प्रिंट. फोनवर बोलून उपयोग नाही, तक्रार नंबर हातात पाहिजे. कारण 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला त्यांना तुम्हाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते, रिझर्व्ह बँकेचा हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर, फी काही नाही. आणि एकटं सिबिल बघून थांबू नका, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या ब्युरोंकडेही तीच चूक असू शकते, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

एक गोष्ट मात्र वेगळी. दाव्यात नाव, पत्ता खरंच तुमचाच असेल आणि समन्स न मिळता एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर डिस्प्यूट टाकून भागत नाही, कोर्टातच तो रद्द करायला अर्ज लागतो आणि त्याला कळल्यापासून 30 दिवसांचीच मुदत असते. अशा वेळी माझ्याकडे येऊन बसू नका, थेट वकील गाठा. परवडत नसेल तर नाशिकमध्ये सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, महिलांना तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

दादांनी त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. वहिनी चिडल्या, पण कर्जावरून नाही, पाटल्यांवरून. बँकेने आधी "तपासतो" एवढंच कळवलं, लोकपालाचा उल्लेख केलेला दुसरा मेल गेल्यावर मग खातं त्यांच्या नावावरून काढलं. एका ब्युरोत ते तसंच राहिलं होतं, तिथे पुन्हा डिस्प्यूट टाकावा लागला. मधल्या काळात ते आणखी दोन बँकांत अर्ज टाकणार होते, मी नको म्हटलं, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात दिसते. बिल्डरकडून टोकनची मुदत लेखी वाढवून घेतली आणि रिपोर्ट साफ झाल्यावरच होमलोनचा अर्ज पुन्हा टाकला.