गोव्यात राहून गुन्हे कमी कसे करायचे हे शिकता येतं का?

गोव्यात नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटीचा कॅम्पस आहे, पण फॉरेन्सिक म्हणजे मुख्यतः गुन्हा झाल्यावर पुरावे तपासणं, तुम्ही विचारताय ते गुन्हा होऊच नये याचं शास्त्र, त्याला क्राइम सायन्स म्हणतात, लंडनच्या युसीएल विद्यापीठात २००१ पासून त्याची वेगळी संस्थाच आहे. मला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातलं संशोधन, गुन्हेगारीचे अभ्यासक लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या टीमने पोलिसांना आलेले वर्षभराचे कॉल तपासले तर निम्मे कॉल फक्त ३ टक्के पत्त्यांवरून! म्हणजे ठरावीक जागांवरच लक्ष द्यायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाकिटं, मोबाइल नेमके कुठे नि किती वाजता जातात याचा नकाशा कॉलेजच्या पोरांनी केला तरी गस्त कुठे लावायची ते कळेल, खरंच करा कोणीतरी. डिग्रीला सोशॉलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या.