ल्योंमध्ये वरून खाली उतर

सोलापूर, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. एका दिवसात सतरा ठिकाणं! पहिल्यांदा फ्रान्समधल्या ल्योंला गेलो तेव्हा माझ्या खिशातही अशीच यादी होती. दुपारी तीनपर्यंत पाहिल्या त्या तिकिटांच्या रांगा. जेवणही हुकलं, कारण तिथल्या खानावळी दोनच्या सुमाराला चूल विझवतात ती थेट संध्याकाळी पेटवतात. शेवटी नदीकाठी बाकावर बसून बिस्किटं खाल्ली. तेव्हा ती यादी फाडून टाक. एकच धागा धर, रेशमाचा, आणि तो जसा जायचा तसा वरून खाली उतर.

सकाळी मेट्रोची सी लाइन पकड. चढ इतका आहे की उटीच्या गाडीसारखी तीही दात्यांच्या रुळावरून जाते. क्रोआ-रूसला उतर. ल्योंकर म्हणतात, फुर्व्हिएरची टेकडी प्रार्थना करते आणि क्रोआ-रूसची टेकडी काम करते. आपण आधी कामाच्या टेकडीवर.

तिथे दुकानांकडे नको, खिडक्यांकडे बघ. साध्या कामकऱ्यांची घरं, पण खिडक्या वाड्याला शोभतील अशा उंच. आत छत जवळजवळ चार मीटरवर. कारण घरात माणसांआधी मागाची सोय बघितलेली. माग उंच, म्हणून घर उंच; माणसं त्याच खोलीत माळा काढून त्यावर झोपायची. या विणकरांना कान्यु म्हणत आणि मागाला त्याच्या आवाजावरून ‘बिस्तांक्लाक’. आपल्या पेठेत वाढलेल्याला हे नाव दोनदा सांगावं लागत नाही.

आपण चादरीच्या मागावरचं ‘जेकार्ड’ म्हणतो ना, तो मुळात माणूस. जोझेफ मारी जाकार, जन्म १७५२, याच शहरातला. १८०४ च्या सुमारास त्याने पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालणारा माग उभा केला. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो. तू दिवसभर ज्या शून्य-एकात बुडालेला असतोस, त्याची ही थोरली आत्या समज. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना इथूनच उचलली. विणकर मात्र आधी चिडले होते, कारण नक्षीचे दोर ओढायला बसणाऱ्या पोराचं काम गेलं.

पण चीड खरी पेटली ती मजुरीवर. सूत आणि नक्षी टेकडीखालचा व्यापारी द्यायचा, विणकराला पैसे विणलेल्या कापडावर. १८३१ च्या ऑक्टोबरात किमान दर ठरला, काही व्यापाऱ्यांनी तो धुडकावला, आणि नोव्हेंबरात विणकरांनी शहर ताब्यात घेतलं. काळ्या झेंड्यावर लिहिलं होतं: काम करत जगू, नाहीतर लढत मरू. सैन्य आलं, दर रद्द झाला. १८३४ च्या एप्रिलात पुन्हा उठाव, पुन्हा चिरडला.

हे डोक्यात ठेवून प्लास कोल्बेरच्या ९ नंबरच्या दारातून आत शिर. हा कूर दे व्होरास. सहा मजल्यांचा उघडा दगडी जिना अंगावर येतो. एका रस्त्याच्या दारातून आत, चौकातून पलीकडच्या रस्त्यावर बाहेर, अशा वाटांना ‘त्राबूल’ म्हणतात. शहरात चारशेच्या आसपास आहेत, लोकांसाठी उघड्या थोड्याच. वर माणसं राहतात, म्हणून आवाज खाली ठेव. दाराशेजारी बटण असेल तर दाबून बघ. नाही उघडलं तर पुढे चल, हट्ट करू नकोस. सकाळी नशीब बरं असतं.

मग गल्ल्या, जिने उतरत र्यू दे कापुसँपर्यंत ये. व्यापाऱ्यांच्या पेढ्या या भागात. विणकर खांद्यावर तागा घेऊन असाच उतरायचा, आणि भाव ऐकून असाच पुन्हा चढायचा. तू उतरणच कर, गुडघे तुझे तरुण असले तरी.

साडेबाराला जेवायला बस. तू शाकाहारी, म्हणून ‘सेर्व्हेल द कान्यु’ माग. नावाचा अर्थ ‘विणकराचा मेंदू’, दचकू नकोस; मऊ चक्क्यात लसूण आणि बारीक चिरलेला पाला असतो. ‘आंदुयेत’ मात्र खरोखरच आतड्यांचं असतं.

दुपारी सोन नदी ओलांडून जुन्या ल्योंत जा. इथले त्राबूल कान्युंच्याही आधीचे. रस्ते नदीला समांतर, आडव्या गल्ल्या कमी, म्हणून लोकांनी घरांतूनच वाट काढली. र्यू सँ-जाँ ५४ मधून शिरलास की र्यू द्यु बफ २७ ला निघशील. बेलकूर चौक सोडलास तरी चालेल; मोठा आहे, एवढंच. पायांत जीव असेल तर फुर्व्हिएरवर रोमन थिएटर बघ, इ.स.पू. ४३ मध्ये शहर तिथेच वसलं. चढताना फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, घेतलीस तर मी रागावणार नाही.

ल्युमिएर बंधूंचा कारखाना पुढच्या खेपेला. त्यांची हलती चित्रं ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. त्या कारखान्यासाठी वेगळा दिवसच काढायला हवा.

एक काम कर. क्रोआ-रूसला ‘मेझों दे कान्यु’मध्ये जुने माग चालवून दाखवतात. तिथल्या कार्डाचा जवळून फोटो काढ, शेजारी पट्टी ठेवायची परवानगी विचार. आमच्या माळ्यावर वडिलांच्या कारखान्यातली कार्डं बांधून ठेवली आहेत. भोकांमधलं अंतर जुळतं का, ते मला बघायचंय.

तुझे
सर